तटबंदीचा नादुरुस्त दरवाजा

देवाशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सांगणारा स्वतः तिथं हजर होता. हजर म्हणजे... दुसऱ्या दिवशी पोचला. पण चटई अजून गरम होती.

"पण बाबा, ते नव्या खेळात का येत नाहीत?"

पुष्कर डबीरनं चटईवर बसून कमरूबाबांना हे तिसऱ्यांदा विचारलं. 'तटबंदी' हा ऑनलाइन खेळ त्यानंच बनवलेला. आठ वर्षांत तो जुनाट झाला, खेळणारी चारशे माणसं उरली. म्हणून पुष्कर तीन वर्षं घरदार विसरून खपला आणि नवी 'तटबंदी' काढली. तिच्यात झाडाचं पान न् पान हलतं, घोड्याला घाम येतो.

आणि तिथं कुत्रंही फिरकत नव्हतं.

आज पाच वाजता जुना खेळ कायमचा बंद व्हायचा होता. तिकडे भागीदार सर्व्हरपाशी पुष्करच्या होकारासाठी खोळंबला होता.

टेकडीवरच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीत, राहणारे कमरूबाबा फकीर खरे, पण सात वर्षं रोज त्या चारशेजणांत खेळणारे. सगळे त्यांचा शब्द मानत.

"तुम्ही सांगा त्यांना, नव्यात चला म्हणून. नाहीतर पाचला सगळंच जाईल."

बाबांनी आपल्या तडा गेलेल्या मोबाइलवर जुना खेळ नव्या नावानं उघडून त्याच्या हातात ठेवला.

"आधी किल्ल्यात शिरून दाखव, बेटा."

पुष्कर हसला. "माझाच किल्ला आहे, बाबा."

पण दरवाजा बंद. ही त्याचीच जुनी चूक. बाहेरून तो उघडतच नसे. एकानं खाली बसायचं, दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावरून तट ओलांडायचा आणि आतून कडी काढायची.

"नव्यात दुरुस्त केलंय हे. आपोआप उघडतो."

"हं... बघितलं."

पुष्कर दारात ताटकळला. तेवढ्यात 'थालीपीठ७७' नावाचा एक खेळाडू आला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'नवीन का रे? बस खाली.'

"मला सांगतोय? मी बनवलाय हा खेळ!"

"मग सांग की त्याला."

पुष्करनं लिहिलं. उत्तर आलं: 'बरं. बस.'

पाचला दोन मिनिटं उरली. खिशातला फोन वाजू लागला, भागीदाराचा. पुष्कर पडद्यावर अंगठा दाबून खाली बसला. आता अंगठा उचलला, तर वरचा कोसळणार. थालीपीठ खांद्यावर चढलं, तटापलीकडे गेलं.

...

दार बंदच.

"पळाला!" पुष्कर ओरडला. "बाबा, त्यानं कडी काढायलाच हवी असा नियम मी घातलेलाच नाही. गेला तर गेला!"

बाबांनी चहाचं आधण ठेवलं.

फोन थांबला. पुन्हा वाजला. पुष्करनं उचलला नाही. दाराकडे बघत राहिला...

कडी वाजली. दार उघडलं. आत वीसेकजण उभे होते. 'चल लवकर. तुझ्यासाठी थांबलेत सगळे.'

पुष्करनं फोन कानाला लावला.

"बंद करू नकोस," तो म्हणाला. "जुना राहू दे."

मग बाबांकडे वळला. "नियम नव्हता. तरी त्यानं उघडलं का?"

इथवर सगळं खरं. बाबा यावर नुसता चहा ओतत राहिले. पुढचं वाक्य तेवढं सांगणाऱ्याच्या पदरचं:

"नियम असता, तर दार नियमानं उघडलं असतं; त्यानं कशाला?"