हँडलची एक फेरी

वाट डावीकडे वळली आणि चिखलगडचे राजेसाहेब सरळ गेले. सरळ म्हणजे थेट म्हशींच्या डबक्यात. महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा बघायला नुसते नोकर होते, पण या वेळी काठावर खडकवाडीचे राजे उभे होते आणि त्यांनी हसू लपवायचे कष्टही घेतले नाहीत.

चिखलगडच्या राजांना हत्ती-घोड्यांचं काही कौतुक उरलं नव्हतं. वेड एकच, दगडमातीत उडवायच्या मोटारसायकलचं. शर्यत दोन दिवसांवर आलेली, आणि हँडल समोर सरळ आलं की खटकन तिथंच अडकून बसत होतं.

"दोष गाडीचा नाही सरकार, दुरुस्त करणाऱ्या हातांचा आहे," दिवाणजी म्हणाले. त्यांना असं म्हणण्याची घाई होतीच. हँडलच्या गळ्यात बसणारी, ज्यांच्यावर हँडल वळतं ती बेअरिंगं त्यांचा मेहुणा पुरवायचा, आणि राजवाड्याच्या दारातल्या गॅरेजच्या जागेवर त्याच मेहुण्याचा डोळा होता.

ते गॅरेज सगुणा लोहाराचं. तिच्या आजोबांनी त्याच चिंचेखाली राजवाड्याच्या घोड्यांना नाल ठोकले होते. म्हातारपणी बापाच्यानं काम होईना तसे नटबोल्टचे पाने आणि पक्कड सगुणानं हातात घेतली. ती जागा गेली असती तर घरातली चूल विझली असती.

राजांनी तिला बोलावणं धाडलं.

"पोरी, बेअरिंग निवडताना तू काय बघतेस?"

"सरकार, निवडू कोण देतंय? मी आणलेलं तुम्ही तीनदा परत केलंत."

"करणारच! बोटावर घातलं तर दीड फेऱ्यांत थांबतं. आजारी बैल बरा! आणि हे बघ." राजांनी मेहुण्याच्या मखमली डबीतलं बेअरिंग बोटावर चढवलं आणि टिचकी मारली. ते भोवऱ्यासारखं गरगर फिरत राहिलं. दरबारानं माना डोलावल्या. "बेअरिंग म्हणजे असं! आता माझी अट ऐक. परवा शर्यतीला असं बेअरिंग बसव, जे माझ्या बोटावर सगळ्यात जास्त फिरेल आणि वर्षभर अडकणारही नाही. जमलं नाही तर चिंचेखालचा बाडबिस्तरा उचल."

दिवाणजींनी मिशीवरून हात फिरवला. जास्त फिरणारं म्हणजे मेहुण्याचंच, आणि ते तर आठ दिवसांत अडकतं. पोरगी दोन्हीकडून सापडली होती.

"जी सरकार," सगुणा म्हणाली. "पण आधी सरकारांनी एक करून दाखवावं. गाडीचं हँडल पुरं गोल फिरवावं. जास्त न्हाई, एकच फेरी."

"एवढंच?" राजे दरबारासमोर उभ्या गाडीवर बसले. हँडल डावीकडे गेलं, थांबलं. उजवीकडे गेलं, थांबलं. राजांनी दातओठ खाऊन जोर लावला. दिवाणजी पुढून चाक ढकलू लागले. राजांची बोटं टाकीवर आपटली तेव्हा ते ओरडले, "अगं, गोल कसं फिरेल? हँडल आहे हे, रहाट नव्हे!"

"मग जे जन्मात एक फेरी पुरी करत न्हाई, त्याची गरगर फिरायची परीक्षा सरकार का घेतात?"

राजे हँडल सोडून गाडीवरून उतरले.

सगुणानं मागच्या खेपेला गाडीतून काढलेलं मेहुण्याचं जुनं बेअरिंग पुढं केलं. "हितं, आतल्या गोल खाचेत नख फिरवून बघा."

राजांनी नख फिरवलं. ते थोड्या थोड्या अंतरावर अडकत गेलं.

"हे फिरत न्हाई सरकार, एका जागी उभं ऱ्हाऊन मार खातं. पुढचं चाक दगडावर आदळलं की घाव हितं बसतो. ह्यात छर्रे हायेत, ते टिंबाएवढ्या जागेवर टेकतात आणि तिथं खळगा पाडतात. हँडल सरळ आलं की त्याच खळग्यांत जाऊन बसतं. माझ्या बेअरिंगात लाटण्यासारखे रोलर हायेत, अख्ख्या अंगानं टेकतात. पहारेकरी निवडताना सरकार त्याला गरगर फिरवून बघत न्हाईत, दारात उभा किती ऱ्हातो ते बघतात."

राजांना ते पटलं होतं, पण हट्ट सोडतील ते राजे कसले! "वर्षभराचं ठीक. बोटावर सगळ्यात जास्त फिरण्याचं काय? ती अट आहेच!"

"ती बी पुरी करते. फक्त दुपारपर्यंत कळ काढा."

तिनं मेहुण्याचं चकचकीत बेअरिंग आणि आपलं कागदात गुंडाळलेलं काळपट बेअरिंग एकाच दोऱ्यात ओवलं, म्हशींच्या डबक्यात सोडलं, घोळवलं आणि उन्हात वाळत टाकलं. दुपारी दोन्ही वरवर पुसून राजांच्या हातात दिली.

राजांनी आधी चकचकीत बोटावर चढवलं. टिचकी मारली. कर्रर्र! आतला चिखल दातांखालच्या खड्यासारखा वाजला आणि बेअरिंग पाव फेरीत जे थांबलं ते थांबलंच.

मग काळपट. त्याच्या कडेला चिखल अडवणारी रबराची पट्टी होती आणि आत ग्रीस ठासून भरलेलं. ते हळूहळू, सावकाश, आजारी बैलासारखंच फिरलं. दीड फेरी!

"सरकारांच्या बोटावर सगळ्यात जास्त फिरलं," सगुणा म्हणाली.

"ही लबाडी आहे!" दिवाणजी उसळले. "कोरडं असताना आमचंच जास्त फिरत होतं!"

"व्हय दिवाणजी. पण सरकार कोरड्यात कुठं पडत्यात?"

क्षणभर राजांचा चेहरा लाल झाला. दिवाणजींना वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. आणि मग राजे जे हसले, ते पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! चिंचेखालची जागा त्यांनी सगुणाला कायमची लिहून दिली, तिच्या बापाच्या अंगावर शालजोडी पांघरली आणि हुकूम काढला, की यापुढे येणारं प्रत्येक बेअरिंग आधी म्हशींच्या डबक्यात बुडवून पारखायचं. बुडवायला उतरण्याचा मान दिवाणजींचा.

शर्यतीच्या दिवशी वाट डावीकडे वळली आणि चिखलगडचे राजेही वळले. खडकवाडीचे राजे मात्र सरळ गेले. मेहुण्याला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं!