रायाजीशेटचे देशाटन

नदीकाठच्या एका गावात रायाजीशेट नावाचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी राहत होते. धंदा मुलांच्या हाती गेल्यावर त्यांना देशाटनाची हौस आली. शेजारचा देश फार मोठा. त्यात समुद्र होता, वाळवंट होते, बर्फाचे डोंगर होते, आणि दर मुलखाची माणसे निराळी होती. पत्नी चंपावतीला घेऊन ते निघाले. बैलगाडीत घरचे तांदूळ, घरचे लोणचे आणि घरचेच अंथरूण भरले.

समुद्रकाठी एका कोळ्याने दोघांना जेवायला बोलावले. शेटजींनी नाकाला उपरणे लावले. "या वासात घास तरी कसा उतरतो यांच्या घशाखाली!" असे म्हणत त्यांनी गाडीपाशीच भात शिजवायला लावला.

वाळवंटात उंट पाळणाऱ्यांनी सांडणीचे ताजे दूध पुढे केले. शेटजींनी हातानेच नको म्हटले.

"अहो, इतक्या मायेनं देताहेत, घोटभर तरी घ्या," चंपावती म्हणाली.

"आपल्या म्हशीच्या दुधाची सर याला येणार आहे का?" शेटजी म्हणाले.

पुढे डोंगर लागले. गाडी पायथ्याशी ठेवून दोघे खेचरांवरून घाट चढू लागले. वाटेत दगडांचे एक बुटके घर होते, आत मेंढ्याही बांधलेल्या दिसत होत्या. दारातल्या म्हातारीने आभाळाकडे बोट दाखवले आणि आत येण्याची खूण केली. तिची भाषा दोघांनाही येत नव्हती.

"ढग दाटलेत. थांबा म्हणतेय ती," चंपावती म्हणाली.

"मेंढ्यांच्या शेजारी? त्यापेक्षा उघड्यावर बरं!" शेटजींनी खेचर पुढे हाकले.

दुपारीच बर्फ पडू लागले. वाट दिसेना. खेचरे जागची हलेनात. चंपावतीचे ओठ निळे पडले आणि ती खाली घसरली. शेटजींनी तिला पाठीवर घेतले आणि ते पडत, धडपडत मागे फिरले. धुराच्या वासावरून ते म्हातारीच्या दाराशी पोहोचले, पण कडी वाजवताना त्यांचा हात अडखळला. तिच्या जागी आपण असतो, तर दार उघडले नसते, हे त्यांना ठाऊक होते.

दार उघडले. म्हातारीने दोघांना आत घेतले. चंपावतीला चुलीजवळ निजवून ती तिचे तळवे चोळत बसली. हळूहळू चंपावतीच्या चेहऱ्यावर रंग आला.

शेटजींनी हात जोडले. "आजी, सकाळी मी तुमच्या घराला नावं ठेवली. चुकलो मी."

म्हातारीला यातले अक्षरही कळले नाही. बिचाऱ्याला भूक लागली असेल, असे वाटून तिने लोणी घातलेल्या खारट चहाची वाटी त्यांच्या हातात दिली. शेटजी ती प्यायले. मग त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

आभाळ निवळेपर्यंत दोघे तिथेच राहिले. शेटजी मेंढ्यांना चारा घालत आणि म्हातारीकडून तिच्या भाषेतले शब्द शिकत.

गावी परतल्यावर लोक जमले. "शेटजी, केवढा मुलूख हिंडून आलात! काय काय पाहिलंत?"

"हिंडलो पुष्कळ," शेटजी म्हणाले, "पण पाहिलं म्हणाल, तर एकच घर. बाकीचा देश पाहायचा राहिलाय."

थंडी सरताच दोघे पुन्हा निघाले.

तात्पर्य: परमुलखातल्या माणसांना तुच्छ लेखणारा समुद्र आणि डोंगर ओलांडूनही काही न पाहताच परततो. देश पाहायचा असेल, तर आधी तिथल्या माणसांचा पाहुणा व्हावे.