आणखी एक पीळ

एकदा एक गृहस्थ आपल्या जुन्या गुरुजींना मोठ्या आग्रहाने घरी घेऊन आला. त्याची मुलगी शाल्मली नुकतीच दहावी झाली होती आणि पुढे शिकायला मावशीकडे जाते म्हणून हटून बसली होती. मावशीच्या गावी काही नामांकित कॉलेज होते अशातला भाग नाही. तिला या घरातून जायचे होते. बापाला ते कळत होते आणि ते त्याच्या जिव्हारी लागले होते.

"गुरुजी, ती माझं ऐकत नाही. तुम्ही चार शब्द सांगून बघा," तो म्हणाला. "नववीत मार्क घसरले तेव्हा मी मोबाइल काढून घेतला. मग पहाटे उठवायला लागलो. आणखी एक क्लास लावला, चित्रांच्या वह्या माळ्यावर टाकल्या. आवळता येईल तेवढं आवळलं. आता ती जेवतानाही बोलत नाही."

गुरुजी उठून मुलीच्या खोलीत गेले. तिथे पुस्तकांची मांडणी उभी होती. दुकानदार सुट्ट्या फळ्या खोक्यात घालून देतात आणि जोडायचा उपद्व्याप आपल्या गळ्यात मारतात, त्यातली. मधली फळी एका बाजूने कलली होती. शाल्मली खिडकीपाशी बॅग भरत होती. तिने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बॅगेकडे वळली.

गुरुजींसमोर ती वाकडी फळी बापाला बघवेना. त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि फळीचा स्क्रू करकचून पिळला. "सारखा ढिला होतो. मालच हलका," तो पुटपुटला. स्क्रू नुसताच गरगर फिरला आणि चिमूटभर भुसा खाली सांडला.

"दे बरं इकडे," म्हणत गुरुजींनी स्क्रू उलटा फिरवला आणि पुरता बाहेर काढला. मग फळीही उतरवून भिंतीला टेकवली. बाप बघतच राहिला. समजूत घालायला आणलेला माणूस होते तेही मोडायला बसला होता. गुरुजींनी देवघरातली काडेपेटी मागवली, काड्यांचे गुल मोडून टाकले, काड्या फेविकॉलमध्ये बुडवल्या आणि त्या मोकळ्या झालेल्या भोकात एकेक करून दाबून बसवल्या.

"आता लावू स्क्रू?" बापाने विचारले.

"आज नाही. वाळू दे."

"मग आज काय करायचं?"

"काहीच नाही. तेवढंच तुला जमत नाही," गुरुजी हसले. मग म्हणाले, "अरे, ही भुसा दाबून केलेली फळी. स्क्रू तिच्यात घट्ट बसतो, कारण भोवतीच्या कणांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. तो ढिला झाला की तू पिळतोस. पिळलास की भुसा गळतो, भोक वाढतं, आणि तू आणखी पिळतोस. आता धरायला आत काही उरलंच नाही, तर पिळून काय होणार? आधी भरावं लागतं. आणि भरलं की थांबावं लागतं."

बापाने खाली सांडलेला भुसा तळहाताने गोळा केला. मग हळूच म्हणाला, "पण तुम्ही तिच्याशी बोलणार होतात ना?"

"तिच्याशी काय बोलू? हा तिच्या हातात कधी होता?" असे म्हणून गुरुजींनी स्क्रूड्रायव्हर शाल्मलीच्या हाती दिला आणि चपला घालून ते निघून गेले.

संध्याकाळी बाप माळ्यावर चढला. चित्रांच्या वह्या त्याने खाली आणल्या, धूळ पुसली आणि तिच्यापुढे ठेवल्या. चुकलो, एवढेच त्याला म्हणायचे होते. त्याऐवजी त्याने एका चित्रावर बोट ठेवून विचारले, "हा कुठला पूल गं?" शाल्मलीने आधी एका शब्दात उत्तर दिले. मग हळूहळू त्या पुलाची सगळी हकिगत सांगितली. बाप ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने फळी धरली आणि शाल्मलीने स्क्रू लावला. या वेळी तो आत जाऊन घट्ट बसला. बापाचा हात सवयीने पुढे झाला, आणखी एक पीळ द्यायला, आणि वाटेतच थांबला.

"पुरे ना, बाबा?"

"पुरे."

शाल्मलीने बॅग उघडली, आतली दोन पुस्तके काढून फळीवर ठेवली. फळी हलली नाही.