होविताचं दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि फार लांबचीही. आपल्या दसऱ्याचा झेंडू मुळात ज्या मेक्सिकोतून आला, तिथल्या सान तेल्मो गावची. त्या गावात होविता नावाची नावाडीण होती. हट्टी म्हणजे इतकी, की नदीसुद्धा तिला विचारून वळते, असं म्हणतात.

एका वर्षी मात्र नदीनं कुणालाच विचारलं नाही. मोठा पूर आला, पात्र बदललं, आणि गाव राहिलं या काठाला नि दफनभूमी गेली त्या काठाला. पूर ओसरला आणि तापानं होविताची सहा वर्षांची लेक इनेस गेली. तिला नदीपलीकडं पुरलं.

तिकडं नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी बाराला, गेलेली मुलं घरी येतात. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी. त्यांच्यासाठी थडग्यापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची, घरात आवडीचं खाणं मांडायचं. ती येतात आणि खाण्यातला वास नि चव तेवढी घेऊन जातात. मागाहून पाव बेचव लागला, की घरचे म्हणतात, चला, येऊन गेलं आमचं माणूस.

त्या वर्षी लोकांनी भाबडेपणानं नदीवरही पाकळ्या टाकल्या. व्हायचं तेच झालं. वाट वाहत खालच्या गावाला गेली. होवितानं इनेसचा पाव तोंडात घातला. गोडच्या गोड, बडीशेपेचा वासही तसाच! पोर आलीच नव्हती. होविता ढसाढसा रडली, आणि मग डोळे पुसून उठली.

पुढच्या वर्षी तिनं काठापासून काठापर्यंत अकरा होड्या ओळीनं बांधल्या. पण वर टाकायला पुरानं एक फळी शिल्लक ठेवली नव्हती.

गावातला वडीलधारा सेफेरिनो तिला म्हणाला, "अगं पोरी, मेलेल्यांना पाणी कसलं आडवं येतंय? उडत येतील."

"माझी इनेस सहा वर्षांची आहे, काका. तिला उडायला कोण शिकवणार?"

एवढं बोलून ती घरी गेली. स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं, पाठीवर घेतलं आणि आणून पहिल्या होडीवर आडवं टाकलं. एक दार, अकरा होड्या. लोक बघत राहिले. मग सेफेरिनो घरी गेला आणि आपलं दार घेऊन आला. त्याची आई पलीकडं होती. त्याच्यामागून सारं गाव आलं.

दारांवर पाकळ्या पसरल्या. बाराचा ठोका पडला. वारा नव्हता, तरी दारं एकामागून एक हलकीशी दबत गेली, कुणी लहानगं पळत सुटल्यासारखी, असं म्हणतात. संध्याकाळी होवितानं पाव खाल्ला. चव म्हणून नाही! ती तो शेवटच्या कणापर्यंत खात राहिली आणि हसत राहिली.

आता तिथं सिमेंटचा पूल आहे, ट्रकसुद्धा जातात. तरी त्या दिवशी गाव दारं काढून होड्यांवर घालतं. ज्या घरातलं मूल त्या वर्षी गेलं असेल, त्या घराचं दार पहिलं, होविताच्या नावानं. दोन दिवस गावात एकाही घराला दार नसतं. चोरीची भीती नाही वाटत का, असं पाहुणे विचारतात.

तिथल्या म्हाताऱ्या म्हणतात, "चोराचीही आई पलीकडंच आहे की."