देवाखालची पेटी

“पण बुवा, पेटीत कमी काय होतं, तेवढं सांगा ना.”

सर्जेरावाने तिसऱ्यांदा विचारलं. तो गिरीबुवांचा शिष्य, आणि मठाच्या मसाल्याच्या शेडचा कारभारी. बुवा अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसले होते.

शेडमध्ये चाळीस बाया मिरची भाजतात, कांडतात. आज सकाळपासून एकीनेही आत पाऊल ठेवलं नव्हतं. सगळ्या निंबाखाली बसून होत्या.

काल सगुणाच्या दोन्ही डोळ्यांत तिखट उडालं. औषधाची पेटी पाच पावलांवर होती. ती सोडून सगुणा डोळे मिटून विहिरीकडे धावली आणि पायरीवर आपटली. कपाळाला चार टाके पडले. डोळे तेवढे वाचले.

रात्रीच बायांचा निरोप आला होता, सर्जेरावाच्या हाताखाली आम्ही काम करणार नाही. आता बुवा काय ते ठरवणार होते.

“कमी काहीच नव्हतं,” बुवा म्हणाले.

“तेच तर म्हणतो! तीस वस्तू आहेत. शहरातल्या मोठ्या ऑफिसात असते तश्शी मागवली. मी कोर्स केला, सर्टिफिकेट आहे. डोळे धुवायची बाटलीसुद्धा आहे तिच्यात!”

“त्या ऑफिसात काय कांडतात?”

“कांडतात कुठलं... खुर्चीत बसून कागद लिहितात.”

बुवांनी आणखी एक देठ खुडलं.

“पेटी किती वेळा उघडली?”

“एकदाही नाही. वर्ष झालं!” सर्जेरावाची छाती फुगली. “म्हणजे बघा, शेड किती सुरक्षित.”

निंबाखाली कुणीतरी फिसकन हसलं.

“सगुणा, ये गं पोरी,” बुवांनी हाक मारली.

सगुणा सोबत कांडणाऱ्या हौसाबाईचा हात धरून आली. डोळे अजून लाल होते.

“पेटीला हात का नाही लावलास?”

सगुणा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली...

“बोल की,” सर्जेराव म्हणाला. “माझी चूक नव्हती, सांग बुवांना.”

हौसाबाईला राहवेना. “ती काय सांगणार? पेटी लावलीय देवाच्या फोटोखाली. तुम्हीच नारळ फोडलात, रोज हळदकुंकू वाहता. आणि काल तिला अडचण होती. देवापाशी जाईल कशी?”

सर्जेरावाचा चेहरा उतरला. “मग... दुसरीने काढून द्यायची.”

“चपला काढा, हातपाय धुवा, मग देवापाशी जा. तोवर हिच्या डोळ्यांचं काय व्हायचं?”

“मला आधी सांगायचं होतंत.”

“तुम्हाला? अडचणीचं? पुरुषमाणसाला?” हौसाबाईने तोंडाला पदर लावला. “ऐकलंत का गं बायांनो!”

बुवा उठले. चपला न काढताच शेडमध्ये शिरले. मागोमाग आलेल्या बाया दारात खिळल्या.

बुवांनी देवाखालची पेटी उतरवली. तिच्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ती उंबऱ्याशी, चपलांच्या ओळीशेजारी आणून ठेवली.

“बुवा! पायताणांत?” सर्जेराव कळवळला.

“सगुणा, उघड.”

सगुणाने एकदा देवाच्या फोटोकडे पाहिलं, एकदा हौसाबाईकडे... आणि वाकून झाकण उघडलं. आज तिचा दुसरा दिवस होता. ते सगळ्या बायांना ठाऊक होतं. पण कुणी तिला अडवलं नाही.

मग एकेक हात पेटीत गेला.

“ह्या पट्ट्या? तेलकट बोटाला चिकटायच्या नाहीत.”

“भाजल्याचं मलम एवढुसं? कढईवर आम्ही सात जणी!”

“आणि ही बाटली म्हणे डोळ्यांना. चूळ भरायला पुरणार नाही. स्वच्छ पाण्याची झाकलेली घागर पाहिजे, दर ओळीला, तांब्यासकट.”

“डोळे मिटूनही हाताला लागेल अशी,” सगुणा हळूच म्हणाली.

सर्जेरावाने खिशातून कागद काढला. खाली बसला आणि लिहू लागला. अक्षर भरभर, मान खाली.

“उद्यापासून येताय ना?” बुवांनी विचारलं.

“येतो की.”

“आणि हा?”

हौसाबाईने सर्जेरावाला वरून खालपर्यंत पाहिलं. “राहू द्या. लिहून घेताना बरे दिसतात.”

बाया खळखळून हसल्या. सर्जेरावही हसला. त्याच्या जिवात जीव आला. कागदाची घडी करून तो ताठ उभा राहिला.

“बुवा, आता सगळं ध्यानात आलं. वरच्या आळीत आपल्या बाया गोधड्या शिवतात ना, उद्या तिथेही अश्शीच पेटी लावतो. उंबऱ्याशी. दर ओळीला घागर, तांब्या...”

बुवांनी त्याच्या हातातल्या घडीकडे पाहिलं.

“पेटी नेऊ नकोस,” ते म्हणाले. “सुई ने. त्यांच्यात बसून टोचेपर्यंत शीव.”