कंठ न फुटलेला राघू

पूर्वी भद्रसेन नावाचा राजा एका नदीकाठच्या नगरात राज्य करीत असताना बोधिसत्त्व राघू धरणाऱ्या पारध्याच्या घरी जन्माला आला. नाव मंदर. त्याच्या कुळाचा नियम होता : मोठ्या पाखराला हात लावायचा नाही. ढोलीतली पिल्ले तेवढी काढायची, कारण पिल्लूच बोलायला शिकते. हा नियम दयेचा आहे असे ते मानीत. मंदरही मानी.

एका वर्षी राजाने उत्सवासाठी तीनशे पिल्ले मागितली. बदल्यात मंदरला नदीकाठची जमीन इनाम मिळणार होती. मंदर पन्नाशीला आला होता. एक गुडघा कामातून गेला होता. जमीन मिळाली तर पुन्हा झाडावर चढायला नको.

पिल्ले कुठे मिळतील हे पाहायला तो तीन दिवस भाताच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसला. थवा मोठा होता. पण त्याला काही खटकले. नराला तिसऱ्या वर्षी कंठ फुटतो, म्हणजे मानेभोवती रेघ येते. मादीला ती कधीच येत नाही, पण तिची शेपूट लांब असते. तीन वर्षांखालच्या पोराला कंठ नाही आणि शेपूटही आखूड. असे पोर त्याने तीन दिवसांत एकही पाहिले नाही.

तो घरी येऊन म्हणाला, "सामे, मी राजाला नाही म्हणणार."

बायको म्हणाली, "जन्मभर झाडावर लोंबकळलात. आता खाली उतरायची वेळ आली, तर ही अवदसा आठवली का?"

सकाळी मंदर दरबारात गेला आणि पिल्ले काढणार नाही म्हणाला.

राजाचा वनपाल पुष्कर हसला. "पारध्याला दया आली! उद्या मांजर उपास धरील. महाराज, थवा उतरला की शेत दिसत नाही. पाखरे पुष्कळ आहेत."

मंदर म्हणाला, "पाखरे आहेत. पोरे नाहीत. ज्या गावात पाळणा हलत नाही, ते गाव भरलेले कसे म्हणावे? राघू वीस-पंचवीस वर्षे जगतो, म्हणून थवा तेवढाच दिसतो. ही म्हातारी पाखरे एकदम जातील."

"पोरे गेली कुठे?" राजाने विचारले.

"आम्ही नेली. मोठ्यांना सोडले म्हणून स्वतःला दयाळू म्हणवून घेतले. सगळ्यांत जास्त मी नेली."

"इनाम जाईल, मंदर."

"जाऊ दे, महाराज."

राजा दुसऱ्या दिवशी स्वतः माळ्यावर बसला. दुपारपर्यंत माना आणि शेपट्या पाहिल्या. एक पोर दिसले, तेही लंगडे. संध्याकाळी त्याने दवंडी पिटवली : बारा वर्षे कोणी ढोलीत हात घालायचा नाही.

मंदर टोपल्या विणू लागला. थवा वाढला नाही. उलट सहा वर्षे घटत गेला, कारण म्हातारी पाखरे मरत होती. लोक मंदरला हसले. राजाने आज्ञा मागे घेतली नाही. सातव्या वर्षी थवा घटायचा थांबला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्खूंना कथेतल्या माणसांची ओळख पटवली. "पाखरे पुष्कळ आहेत म्हणणारा पुष्कर म्हणजे आज 'संघ मोठा आहे, नवे कोणी आले नाही तरी चालेल' म्हणणारा तुमच्यातला भिक्खू. स्वतः माळ्यावर बसलेला राजा म्हणजे विहारात रोज पाणी भरणारा उपासक. मंदर मी होतो."

आपल्याच हाताचा दोष आपल्याच तोंडाने सांगणे, ही सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.