तानू शिंपीण आणि सूर्याच्या चाकाची धाव

एकदा काय झालं, सूर्य मावळायचाच राहिला.

थांबा, घाई नको. आधी तानू शिंपीण कोण ते सांगते, नाहीतर मधेच विचाराल.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजा होता, पण तो लांब. त्याला या गावाचं नावही धड ठाऊक नव्हतं. गावात लोहार नव्हता. दिवाळीनंतर एक फिरता लोहार यायचा, झाडाखाली भट्टी लावायचा, चार दिवसांत सगळ्यांचे विळे नि खुरपी करून निघून जायचा. ते चार दिवस तानू सुईला हात लावायची नाही. जाऊन त्याच्यासमोर बसायची. लोखंड लाल झालं की हिचे डोळे मोठे व्हायचे. पोट शिवणकामावर, पण जीव सगळा लोखंडात, बरं का.

मग एका वर्षी तिने ठरवलं, आपणही करून बघायचं. परसात खड्डा खणला. चिखलात तूस कालवून तो आतून जाड लिंपला. जुन्या पखालीचं कातडं आणलं आणि त्याचा भाता शिवला. टाका असा बारीक, की वारा म्हणून बाहेर जाईना. भात्याच्या तोंडाला बांबूची नळी लावली, ती जळाली. मग कुंभाराकडून मातीची भाजून आणली. ऐरण कुठली? तर डोंगरावरच्या जुन्या गडावरून कधीकाळी एका फुटक्या तोफेचा बुंधा गडगडत खाली आला होता. म्हातारे त्यावर बसून तंबाखू मळायचे. तो तिने लोळवत लोळवत घरी नेला. आणि सांडशी? कापडाची जुनी मोठी कात्री होती. तिचीच पाती तापवून, ठोकून बोथट केली आणि टोकं वाकवली. झाली सांडशी.

गावाला काय, हसायला निमित्त हवं. तिचा पहिला खिळा बघून म्हातारा केरबा म्हणाला, हा खिळा आहे की गांडूळ? तानूही हसली आणि दुसरा खिळा करायला बसली. मला तिचं हेच फार आवडतं.

मग तिने वसवी करायला घेतली. वसवी म्हणजे मुसळाच्या टोकाला बसवतात ती लोखंडी कडी. आता शिंपीणच ती. शिवताना आपण शिवणीत थोडी माया ठेवतो ना, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून? तशी हिने कडीतही ठेवली. पहिल्याच घावाला वसवी उडाली ती शेजारच्या कोंबडीला जाऊन लागली. दुसरी अगदी बेतोबेत केली. ती दोन दिवसांत गळून पडली. तिसरी रागारागाने तंग केली, तर ती मुसळावर चढेचना. मग तानूने ती लालबुंद तापवली, आणि काय सांगू, सर्रकन चढली. वरून तांब्याभर पाणी ओतलं, चर्र झालं, आणि कडी अशी बसली की मुसळ झिजेल पण ती हलायची नाही. तानू बराच वेळ बघत राहिली. कोरं कापड पहिल्या पाण्याला आटतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. लोखंडही आटतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्याच सुमाराला तिची लेक रंगू बाळंतपणाला माहेरी आली होती. रंगूची मुलगी ठमी, दीड महिन्याची. रोज संध्याकाळी तानू ठमीला मांडीवर घ्यायची, आणि तेव्हा तिला डोंगरावरून आवाज यायचा. खडखड, खडखड. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की येतो ना, तसा. लोक म्हणायचे, ठोकून ठोकून कान गेले हिचे.

आणि एके दिवशी सूर्य डोंगरमाथ्यावर आला आणि तिथेच थांबला.

आधी लोकांना बरंच वाटलं. कुणी पापड घातले, कुणी राहिलेली मळणी उरकली. मग मात्र कंटाळले. गुरं रानातून परतेनात, कोंबड्या खुराड्यात जाईनात, माणसं उभ्या उभ्या पेंगायला लागली. सगळ्यांत हाल ठमीचे. खिडकीला घोंगडी लावली तरी फटीतून ऊन येई. तिचा डोळा लागेना. रडून रडून आवाज बसला, दूध ओढायचंही बळ राहिलं नाही. रंगू म्हणाली, "आई, ही झोपली नाही तर राहायची नाही गं." 

तानू तशीच उठली आणि डोंगर चढून गेली. वर बघते तर सूर्याचा रथ एका अंगावर कललेला. सूर्य आपला ओशाळून बसलेला, आणि सारथी डोक्याला हात लावून. धाव झिजून पसरली होती, चाकावरून निसटून पडली होती. त्यांचा लोहार समुद्रापलीकडे, तीन महिन्यांच्या वाटेवर.

"चाक आणि धाव माझ्या परसात आणा," तानू म्हणाली.

"तू लोहारीण आहेस का?" सारथ्याने विचारलं.

"नाही. मी शिंपीण आहे. पण मला हौस आहे."

सारथ्याने आणि तिने चाक नि धाव खाली आणली. तानूने चाकाला दोरा गुंडाळून माप घेतलं, धावेचंही घेतलं. सारथी म्हणाला, चाकाएवढी कर. तानू म्हणाली, नाही, चाकापेक्षा दोन बोटं आखूड. त्याचा चेहराच उतरला. धाव एकच होती. ती वाया गेली तर सूर्य मावळणारही नाही आणि पुन्हा उगवणारही नाही. जास्त कापलेलं परत येत नाही, हे शिंपिणीला कुणी सांगायला नको. पण घरातून ठमीचं रडणंसुद्धा ऐकू येईना, नुसते हुंदके. तिने छिन्नी टेकवली आणि घाव घातला.

आता टोकं जोडायची. आधी गोवऱ्या पेटवल्या. धूर झाला, डोळे चुरचुरले, लोखंड नुसतं तापलं. मग वाळकी लाकडं घातली. लोखंड लाल झालं, टोकावर टोक ठेवून ठोकलं, पण सांधा उकलला. मग तिने कोनाड्याखालचं एक पोतं ओढलं. त्यात बाभळीचा कोळसा होता. लाकडं अर्धी जाळून मातीखाली दाबून तिने तो स्वतः केला होता, विळ्यासाठी जपून ठेवला होता. सारथी भात्याला बसला. लोखंड लाल झालं, पिवळं झालं, पांढरं झालं, ठिणग्या सुटल्या. तानूने घण उचलला. एक, दोन, तीन. टोकं अशी एक झाली की सांधा कुठे आहे ते बोटालाही कळेना.

पण कोळसा संपला, आणि धाव चढवायची तर ती सगळीकडून तापायला हवी. तेवढ्यात केरबा आला. होय, तोच, गांडूळवाला. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. त्याच्यामागे सगळं गाव, ज्याच्या त्याच्या घरच्या गोवऱ्या घेऊन. लोखंड पांढरं करणं गोवरीचं काम नाही, पण सगळीकडे सारखी आच द्यावी ती गोवरीनेच. धाव आडवी ठेवून वर-खाली गोवऱ्या रचल्या. तापली. तानूने कात्रीच्या सांडशीने धरली, इतरांनी लोखंडी आकड्यांनी, आणि चाकावर ठेवून ठोकली. लाकूड धुरकटलं. बायकांनी भराभर घागरी ओतल्या. चर्र! वाफेचे लोट डोंगराच्या वर गेले आणि उन्हाने तांबडे झाले. चाक एकदा करकरलं आणि गप्प झालं. धाव बसली होती.

चाक वर नेऊन लावलं. सूर्य खूश होऊन तानूला म्हणाला, काय हवं ते माग. तानू म्हणाली, "आधी मावळा, मग बोलू." सूर्याला हसू आलं. तो गेला, काही आवाज न करता गेला. दिवा लावायच्या आतच ठमी झोपली, आणि तानू तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडली.

मागायचं राहूनच गेलं. पण सकाळी बघते तर भट्टीत कोळसा नसताना विस्तव फुललेला, आणि तो पुढे कधी विझला नाही. दिवाळीनंतर फिरता लोहार आला. त्याने ती सांडशी बघितली, धावेची गोष्ट ऐकली, आणि चार दिवस तो तानूच्या समोर बसला. ठमी मोठी झाली, भाता ओढायला लागली. सगळे सुखात राहिले.

आता जरा कान द्या. डोंगरावरून खडखड ऐकू येतेय का? नाही ना? मग धाव अजून घट्ट आहे. सूर्य वेळेवर गेलाय, वेळेवर येईल. डोळे मिटा बघू.